मुदत संपली तरी घर सुटत नाही : लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या सदनिकेचा ताबा परत कसा घ्यावा

सदनिका पहिल्यांदाच भाड्याने देणाऱ्या घरमालकाला अकरा महिने संपत आले की साधारणतः दोनच शक्यता दिसतात. भाडेकरू करार वाढवून घेईल, नाहीतर सामान आवरून जाईल. तो करारही वाढवत नाही आणि घरही सोडत नाही, ही तिसरी शक्यता समोर येते तेव्हा बहुतेक घरमालक आधी विनवण्या करतात, मग संतापतात, आणि संतापाच्या भरात नेमके असे काहीतरी करून बसतात की त्यामुळे त्यांचीच बाजू लंगडी पडते. महाराष्ट्रातील कायदा या बाबतीत घरमालकाला बरेच बळ देतो, मात्र ते बळ कागदपत्रे आणि तारखा यांच्यातून येते. हा लेख महाराष्ट्रात राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्स करारावर दिलेल्या घरांपुरताच आहे. जुन्या पागडीच्या खोल्या, चाळीतील संरक्षित भाडेकरू आणि दुकानगाळे यांचा मार्ग वेगळा आहे व त्यांचा उल्लेख पुढे केवळ फरक कळावा एवढ्यापुरता येईल.

सर्वप्रथम करार काढून वाचा

बोलताना आपण सर्रास ‘भाडेकरू’ म्हणतो, पण लीव्ह अँड लायसन्सवर राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत परवानाधारक असते. तिला घर ठरावीक काळ वापरण्याची परवानगी मिळालेली असते; घरात कोणताही मालकी किंवा भाडेपट्ट्याचा हक्क निर्माण झालेला नसतो. हा भेद शाब्दिक नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवान्याची मुदत संपताच परवानाधारकाने ताबा परत दिला पाहिजे. त्याने तो दिला नाही, तर घरमालकाला नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की लेखी परवाना करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. ‘करारात अकरा महिने लिहिले असले तरी तोंडी तीन वर्षांचे ठरले होते’ या युक्तिवादाची धार या एका वाक्यामुळे जाते.

करार हातात घेतल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात: मुदत नेमकी कोणत्या तारखेला संपते, मुदतीपूर्वी करार संपवण्याचे कलम आहे का व त्यासाठी किती दिवसांची नोटीस लागते, आणि करार नोंदणीकृत आहे का. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे व नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तसे न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होऊ शकते. त्याहूनही त्रासदायक परिणाम असा की लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे दलालाने स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेल्या कागदाने वाचलेले पैसे ताब्याच्या वेळी सव्याज द्यावे लागतात.

कराराची मूळ प्रत सापडत नसेल तर घाबरू नये. दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय माहीत असल्यास नोंदणी व मुद्रांक विभागाकडून प्रमाणित प्रत मिळते.

या काळात काय करू नये

खरे तर अनेक प्रकरणे भाडेकरूच्या हुशारीमुळे जितकी बिघडत नाहीत, तितकी घरमालकाच्या उतावळेपणामुळे बिघडतात, म्हणून हा भाग नोटिशीच्या आधी ठेवला आहे.

पाणी किंवा वीज तोडू नये. कलम २९ नुसार अत्यावश्यक सेवा बंद करणे किंवा रोखून धरणे घरमालकाला मना आहे. वीजबिल भाडेकरूने थकवले असेल आणि महावितरणने आपल्या नियमानुसार पुरवठा खंडित केला तर ती वेगळी गोष्ट. मीटरपाशी जाऊन स्वतः फ्यूज काढणे ही वेगळी. सोसायटीच्या सचिवाला सांगून नळ बंद करवणे हेही पहिल्या प्रकारात बसत नाही.

भाडेकरू बाहेर गेला असताना कुलूप बदलू नये किंवा सामान जिन्यात आणून ठेवू नये. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्गाविना ताब्यातून काढली गेलेली व्यक्ती सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकते आणि त्या दाव्यात जागेचा मालक कोण हा प्रश्न विचारात घेतला जात नाही. मालकीहक्काचे सगळे कागद खिशात असूनही घरमालक तेथे हरू शकतो, ही बाब पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण ती तशीच आहे. दुसरी किल्ली आपल्याकडे आहे म्हणून घरात शिरणेही टाळावे, कारण त्यातून अतिक्रमणाची आणि वस्तू चोरीस गेल्याची तक्रार उभी राहते, आणि घरात महिला एकटी असेल तर अधिक गंभीर आरोपांना निमंत्रण मिळते.

पोलीस घर रिकामे करून देतील ही अपेक्षाही ठेवू नये. ताब्याचा वाद हा त्यांच्या दृष्टीने दिवाणी स्वरूपाचा असतो. मारहाण, धमकी किंवा तोडफोड झाली तर तक्रार अवश्य द्यावी व तिची पोच घ्यावी, परंतु ‘साहेब, जरा दम द्या’ या विनंतीतून हाती काही लागत नाही आणि कधी कधी उलट तक्रार दाखल होते.

चौथी चूक सर्वांत शांत आणि सर्वांत महाग असते. मुदत संपल्यावर भाडेकरू नेहमीप्रमाणे एक तारखेला पैसे पाठवतो, घरमालक ते मुकाट्याने घेतो आणि वर मोबाइलवर लिहितो, ‘ठीक आहे, घर मिळेपर्यंत राहा.’ पुढे हाच संदेश ‘मालकाने मुदत वाढवून दिली होती’ म्हणून दाखवला जातो. मुदतीनंतर पैसे आलेच तर त्याच दिवशी लेखी कळवावे की ही रक्कम भाडे म्हणून नव्हे, तर अनधिकृत वापराच्या नुकसानभरपाईपोटी, सर्व हक्क अबाधित ठेवून स्वीकारली आहे.

मुदत संपण्याआधीचा एक महिना

भाडेकरू ठेवायचा असो वा नसो, मुदतीच्या तीस दिवस आधी त्याला लेखी विचारावे. ठेवायचा असेल तर नवा करार लगेच नोंदवावा, कारण खर्च फार नसतो. महाराष्ट्रात अशा करारावर, एकूण भाडे आणि परताव्याच्या अनामत रकमेवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. महिना १८,००० रुपये भाडे, ६०,००० रुपये अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली तर हे शुल्क पाचशे रुपयांच्या आसपास येते व शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये असते. एवढी रक्कम वाचवण्यासाठी जुन्या करारावरच दोन दोन वर्षे रेटणारे घरमालक मला नेहमी भेटतात, आणि त्यांना भाडेकरूपेक्षा स्वतःचाच राग अधिक येतो.

भाडेकरू ठेवायचा नसेल तर तसे स्वच्छ शब्दांत लिहावे. ‘बघू’, ‘विचार करतो’, ‘मुलाची परीक्षा होऊ द्या’ असे शब्द सौजन्याचे असले तरी पुढे त्यांचे अर्थ लावले जातात.

मुदत चालू असतानाच भाडे थकू लागले तर अनामत रकमेचा हिशेब करावा. ‘डिपॉझिटमधून वळते करून घ्या’ हे वाक्य ऐकू आले की समजावे की भाडेकरूला आता गमावण्यासारखे काही उरणार नाही. तीन महिन्यांच्या अनामतीवर तीन महिने गप्प राहणारा घरमालक चौथ्या महिन्यापासून स्वतःच्या खिशातून दुसऱ्याचे घर चालवत असतो. दुसरा हप्ता चुकताच, करारातील मुदतपूर्व समाप्तीच्या कलमानुसार नोटीस द्यावी. कलमात तीस दिवस म्हटले असतील तर एकोणतिसाव्या दिवशी अर्ज करू नये.

नोटीस

मुदत आपोआप संपलेली असेल तर कायदा नोटिशीवर अडून बसत नाही, तरीही ती द्यावी, कारण समोरच्याने नेमके काय उत्तर दिले किंवा उत्तर दिलेच नाही, हे दोन्ही पुढे उपयोगी पडते. वकिलामार्फत दिलेली बरी. स्वतः लिहायची असेल तर भाषा कोरडी ठेवावी. आपला संताप, सोसायटीतल्या तक्रारी, भाडेकरूच्या आई-वडिलांचे संस्कार यांपैकी काहीही त्यात येऊ देऊ नये. मजकूर साधारण असा असावा:

‘आपणांस सदनिका क्रमांक अमुक ही दिनांक अमुक रोजीच्या नोंदणीकृत परवाना कराराने (दस्त क्रमांक अमुक) केवळ निवासासाठी वापरण्यास दिली होती. सदर कराराची मुदत दिनांक अमुक रोजी संपली असून ती वाढवण्यात आलेली नाही. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत सदनिकेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा द्यावा. तसे न केल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ अन्वये ताब्यासाठी अर्ज करण्यात येईल आणि मुदत संपल्याच्या तारखेपासून ताबा मिळेपर्यंत करारातील दराच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्यात येईल. थकीत भाडे व बिले यांचा हिशेब सोबत जोडला आहे.’

नोटीस टपाल खात्याच्या पोच मिळणाऱ्या सेवेने भाडेकरूच्या घरी आणि करारात दिलेल्या त्याच्या कायमच्या पत्त्यावर, अशी दोन्हीकडे पाठवावी. लखोटा ‘घेण्यास नकार’ किंवा ‘दार बंद’ अशा शेऱ्याने परत आला तर तो न फोडता तसाच जपावा. बंद लखोटा आणि त्यावरचा पोस्टमनचा शेरा हाच पुरावा असतो. हीच नोटीस ईमेलने आणि मोबाइलवरही पाठवावी. मोबाइलवरील संदेश पुढे पुरावा म्हणून दाखल करायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून तो फोन विकू नये आणि संभाषण पुसू नये.

सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज

घर ज्या महसूल विभागात आहे त्या विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मालक कोठे राहतो याला महत्त्व नाही. मालक नागपूरला आणि सदनिका कोथरूडला असेल तर अर्ज पुणे विभागातच होतो. अर्जासोबत नोंदणीकृत करार, मालकीचा पुरावा म्हणून खरेदीखताचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडील नोंदीचा उतारा) किंवा सोसायटीचे भागप्रमाणपत्र, नोटीस व तिच्या पोचपावत्या, आणि बँकेच्या उताऱ्यावरून काढलेला थकबाकीचा तक्ता जोडावा. मालक वारला असेल तर वारसांनी आपला वारसाहक्क दाखवणारी कागदपत्रे आधीच गोळा करावीत, कारण पहिल्या तारखेला त्यावरूनच वेळकाढूपणा सुरू होतो.

परदेशात राहणाऱ्या मालकांसाठी एक सूचना. अमेरिकेत किंवा आखातात असलेला मुलगा पुण्यातल्या वडिलांना फोनवर ‘तुम्ही बघून घ्या’ म्हणतो, पण वडिलांना त्याच्या वतीने अर्ज करायचा तर कुलमुखत्यारपत्र लागते. ते तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इकडे पाठवावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. त्यात ‘घर भाड्याने देणे’ एवढेच लिहिलेले असेल तर पुरत नाही. निष्कासनाचा (घर रिकामे करवून घेण्याचा) अर्ज करणे, शपथपत्र देणे, वकील नेमणे आणि ताबा स्वीकारणे हे अधिकार स्पष्ट शब्दांत हवेत.

अर्ज दाखल झाल्यावर परवानाधारकाला समन्स जाते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याने शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागितली पाहिजे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ४३ नुसार, ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर घरमालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरले जाते आणि निष्कासनाचा आदेश होऊ शकतो. त्यामुळे या कार्यवाहीत सर्वाधिक वेळ खाणारी गोष्ट युक्तिवाद नसून समन्सची बजावणी असते. दार न उघडणारा, कार्यालयाचा पत्ता बदललेला, सोसायटीच्या पहारेकऱ्याला ‘साहेब गावाला गेलेत सांग’ म्हणणारा भाडेकरू महिने महिने काढू शकतो. म्हणून त्याचा कायमचा पत्ता, कामाचे ठिकाण आणि ईमेल ही माहिती करार करतानाच घेतलेली असावी, आणि बजावणीचा अहवाल आला की नाही याची चौकशी घरमालकाने किंवा त्याच्या वकिलाने स्वतः करत राहावी.

प्रकरण किती दिवसांत संपेल, याचे उत्तर विचारणाऱ्यास मी कधीही आकड्यात देत नाही. काही महिने लागतात, विरोध झाला तर वर्षाहून अधिकही जाते. मात्र त्या काळाची किंमत भाडेकरूच्याही खात्यावर चढत असते, कारण कलम २४ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार मुदत संपल्यापासून करारातील दराच्या दुप्पट रक्कम त्याला द्यावी लागते. वरच्याच उदाहरणात महिना ३६,००० रुपये, म्हणजे सात महिन्यांचे २,५२,००० रुपये होतात. हा आकडा नोटिशीत लिहिलेला असला तर पुष्कळ ‘अडचणी’ आपसूक सुटतात. मुदत चालू असतानाची थकबाकी ही मात्र वेगळी मागणी आहे; ती अनामतीतून वळती करावी आणि उरलेल्या रकमेसाठी तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करावा.

सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशावर अपील नाही. नाराज पक्षकार ९० दिवसांत विभागीय पातळीवरील अधिकाऱ्यासमोर पुनरीक्षण अर्ज करू शकतो आणि त्यानंतर प्रकरण उच्च न्यायालयात नेले जाऊ शकते. ज्या गोष्टींचा निर्णय सक्षम प्राधिकाऱ्याने द्यायचा आहे, त्यांत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. तरीही घाईने दिवाणी मनाईहुकूम मागणारे भाडेकरू असतात, तेव्हा आपल्या वकिलाने कलम ४७ दाखवायला विसरू नये.

जुन्या संरक्षित भाडेकरूला यांपैकी काहीच लागू होत नाही. तेथे कलम १५ व १६ मधील कारणांवर न्यायालयात दावा करावा लागतो, थकबाकीसाठी आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावे लागते, आणि स्वतःच्या गरजेचे कारण दिले तर दोघांपैकी कोणाची अडचण मोठी हेही तोलले जाते. दुकानासाठी दिलेल्या परवान्यालाही कलम २४ उपलब्ध नाही.

नेहमीचे बचाव आणि त्यांची उत्तरे

‘मी रंगकाम व फर्निचरवर खर्च केला आहे, तो आधी द्या’ हा बचाव वारंवार येतो. करारात मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नयेत असे कलम असेल तर तेवढे दाखवणे पुरते. ‘हे घर विकत घ्यायचे ठरले होते, अनामत म्हणजे खरे तर इसार होता’ हा अधिक धोकादायक प्रकार आहे. अनामत नेहमी बँकेतून घ्यावी आणि व्यवहाराच्या नोंदीत ‘परवाना करार अनामत’ असे शब्द असावेत, ते याचसाठी. भाडेकरूने परस्पर दुसऱ्यालाच घरात ठेवले असेल तरी घाबरण्याचे कारण नाही. करारात परवानाधारक म्हणून ज्याचे नाव नाही, त्याचा कोणताही दावा सक्षम प्राधिकारी विचारात घेत नाही, असे कलम २४ मध्येच म्हटले आहे.

आजारपण, म्हातारे आई-वडील, दहावीचे वर्ष ही कारणे मात्र बहुधा खरी असतात. कायद्याने त्यांच्यासाठी मुदत वाढवावी लागत नाही, परंतु माणूस म्हणून वाढवावीशी वाटते, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. फक्त ती वाढ लेखी समझोत्याने द्यावी.

बोलणी

अर्ज दाखल केल्यावर बोलणी थांबवण्याची गरज नसते. उलट समन्स पोहोचल्यावरच समोरचा माणूस गंभीरपणे बोलू लागतो. भेट दिवसा घ्यावी, एकट्याने जाऊ नये, आणि सोबतचा माणूस दांडगा असण्यापेक्षा शांत असावा. आमच्या नात्यातील एका प्रकरणात सहा महिने न हललेला भाडेकरू, दुप्पट नुकसानभरपाई सोडून देण्याच्या आणि टेम्पोचे भाडे भरण्याच्या तयारीवर, तीन आठवड्यांत गेला. घरातील थोरल्यांना हा अपमान वाटला होता. पण रिकाम्या घराचे एका महिन्याचे भाडे टेम्पोच्या खर्चाच्या तिप्पट होते.

असा समझोता झाला तर तो सक्षम प्राधिकाऱ्यासमोर लेखी स्वरूपात दाखल करून त्यावर आदेश घ्यावा. त्यात घर सोडण्याची नेमकी तारीख, तोपर्यंतची रक्कम, आणि तारीख चुकल्यास सोडून दिलेली नुकसानभरपाई पुन्हा लागू होईल ही अट असावी. अनामत आगाऊ परत देऊ नये. ‘डिपॉझिट द्या, मग नव्या घराचे ठरवतो’ ही विनंती रास्त वाटली तर रक्कम थेट नव्या घरमालकाच्या नावे, तीही अंशतः, देता येते.

ताब्याचा दिवस

आदेश होऊनही घर सुटले नाही तर कलम ४५ नुसार सक्षम प्राधिकारी आवश्यक तेवढ्या बळाचा वापर करून ताबा मिळवून देऊ शकतो. त्यासाठी अंमलबजावणीची विनंती करावी लागते आणि पोलीस बंदोबस्त लागणार असेल तर त्याची व्यवस्था आधी ठरवावी लागते. त्या दिवशी घरमालकाने दोन साक्षीदार, कुलूप बसवणारा कारागीर आणि चित्रीकरणासाठी एक माणूस सोबत न्यावा व स्वतः एकाही वस्तूला हात लावू नये. आत राहिलेल्या सामानाची यादी पंचनाम्यात खोलीवार लिहून घ्यावी. देवघर, औषधे आणि शाळेची दप्तरे भाडेकरूला तेव्हाच नेऊ द्यावीत. अशा वस्तूंवरून झालेली ओढाताण चित्रीकरणात फार वाईट दिसते. सामान कोठे ठेवायचे व ते नेण्यासाठी किती दिवस द्यायचे हे उपस्थित अधिकाऱ्याकडून लिहून घ्यावे.

भाडेकरू आपणहून जात असला तरीही किल्ल्या वरच्यावर घेऊ नयेत. ‘सदनिकेचा रिकामा ताबा आज दिला, माझे कोणतेही सामान अथवा हक्क शिल्लक नाही’ असे लिहिलेल्या ताबापावतीवर त्याची सही घ्यावी, वीज व गॅसच्या मीटरवरील आकड्यांची छायाचित्रे काढावीत, नुकसान असल्यास तेथेच दोघांनी मिळून लिहून काढावे, आणि उरलेली अनामत त्याच बैठकीत बँकेतून पाठवावी. कुलपे त्याच संध्याकाळी बदलावीत. दुसऱ्या दिवशी सोसायटीला आणि ज्या पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली होती तेथे, घर रिकामे झाल्याचे लेखी कळवून पोच घ्यावी. सक्षम प्राधिकाऱ्याकडील अर्ज प्रलंबित असेल तर ताबापावतीची प्रत दाखल करून, ताब्याची मागणी पूर्ण झाली असली तरी नुकसानभरपाईची मागणी सोडली आहे की चालू ठेवली आहे, हे त्याच अर्जात स्पष्ट लिहावे.